लेन्सच्या पात्यांना तेल घालू नका हो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यात घरातल्या जुन्या वस्तू कशा सांभाळायच्या यावर पानभर लेख आला होता. लेख चांगलाच होता, पितळेच्या समया, बाजाची पेटी, लाकडी देव्हारा, सगळं पटलं. पण खाली चौकटीत जुन्या कॅमेऱ्याबद्दल जी टीप दिलीय ती वाचून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र. लेन्सच्या आतली, उजेड आत घ्यायचं भोक लहानमोठं करणारी अ‍ॅपर्चरची पाती चिकटली असतील तर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडा नाहीतर गंज सोडवायचा स्प्रे मारा, असं त्यात लिहिलंय. कृपा करून हे कुणी करू नका. पाती चिकटतात ती तेलामुळेच. ज्या गोष्टीने दुखणं झालं तीच वरून आणखी पाजायची असा हा प्रकार आहे, आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, मी स्वतः माझ्या हाताने बाबांची लेन्स अशीच बिघडवलेली आहे.

आम्ही गोव्यातल्या माशेलचे. माझा मामा कुवेतला होता, त्याने १९७० साली सुट्टीवर येताना बाबांसाठी जपानी 'आसाही पेंटॅक्स' कंपनीचा स्पॉटमॅटिक कॅमेरा आणला, त्यावर ५५ एमएम एफ १.८ची सुपर टाकुमार लेन्स. बाबा काही धंदेवाईक फोटोग्राफर नव्हते, पण गावातला चिखलकालो, जत्रेतली रात्रीची नाटकं, वाड्यावरची लग्नं, बारशी, सगळ्याचे फोटो तेच काढायचे. आज आमच्या वाड्यावर कुणाच्या आजोबांचा राजाच्या वेषातला फोटो भिंतीवर दिसला तर तो बहुतेक बाबांनी काढलेला असतो, त्या माणसांचे दुसरे फोटोच नाहीत. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता यंत्राचा नाही.

१९८६च्या सुमारास गडबड सुरू झाली. रात्रीच्या नाटकांचे फ्लॅशवर काढलेले फोटो खराब यायला लागले, निगेटिव्ह काळी मिट्ट आणि प्रिंट काढली की नटांचे चेहरे चुना फासल्यासारखे पांढरे, डोळे नाक काहीच कळायचं नाही. दिवसा काढलेले फोटो मात्र व्यवस्थित. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकालो होतो, भरपावसात चिखलात लोळणारी पोरं, ते फोटो झकास आले आणि त्याच रोलमधले रात्रीचे फुकट. बाबांना वाटलं फ्लॅश बिघडला. तो दुरुस्त करून आणला. मग वाटलं स्टुडिओवाल्याचं केमिकल जुनं असेल, म्हणून स्टुडिओ बदलला. पुन्हा तेच.

हे असं का होत होतं ते मला कितीतरी वर्षांनी समजलं, आणि ते इथे सविस्तर सांगतो कारण असा कॅमेरा अजून बऱ्याच घरांत कपाटात असेल. या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये सहा पातळ पोलादी पाती असतात, एकमेकांवर थोडी थोडी चढलेली. फोटो जुळवताना आपल्याला लख्ख दिसावं म्हणून ती पूर्ण उघडी असतात. बटण दाबलं की आतला आरसा वर जातो, त्याच वेळी कॅमेरा लेन्सच्या मागची एक बारीक पिन आत ढकलतो, आणि एक नाजूक स्प्रिंग पात्यांना ओढून आपण लावलेल्या आकड्यापर्यंत बंद करते, मग फिल्मपुढचा पडदा, म्हणजे शटर, उघडतं. हे सगळं पापणी लवायच्या आत व्हायला लागतं. पाती कोरडी असतील तर होतं. त्यांच्यात तेल असलं तर काचेवर ओली काच ठेवली की जशी ती सरकता सरकत नाही तशी पाती एकमेकांना धरून बसतात, त्या बिचाऱ्या स्प्रिंगचं काही चालत नाही, ती हळूहळू बंद होत असतात आणि तोवर फोटो निघून गेलेला असतो.

आता आकडा बघा. बाबांचा फ्लॅश २० गाईड नंबरचा (हा फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला अंतराने भागलं की अ‍ॅपर्चरचा एफ आकडा मिळतो), फिल्म १०० एएसएची, म्हणजे उजेड पकडायच्या वेगाचा आकडा १००, नट स्टेजवर अडीच मीटरवर, म्हणजे २० भागिले अडीच, एफ ८ लावायचं. फ्लॅशवर शटर १/६० सेकंदावर ठेवावं लागतं पण फ्लॅशचा लखलखाट त्याहून कितीतरी कमी वेळाचा असतो, त्यामुळे किती उजेड आत घ्यायचा ते एकटं अ‍ॅपर्चरच ठरवतं. पाती हललीच नाहीत तर लेन्स १.८ वरच राहिली, आणि हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, म्हणून ८च्या जागी १.८ म्हणजे जवळजवळ २० पट उजेड. चेहरे पांढरे होणार नाहीत तर काय होणार!

मग दिवसाचे फोटो बरे का यायचे? स्पॉटमॅटिकवर उजेड मोजायचा असला की लेन्सच्या बाजूचा एक खटका वर ढकलावा लागतो, त्याने मीटर चालू होतो आणि पातीही तेव्हाच बंद होतात. बाबा दिवसा खटका वर करून, सुई मध्यावर आणून, तसाच फोटो घ्यायचे. म्हणजे पात्यांना बंद व्हायला पाच-सहा सेकंद निवांत मिळायचे, चिकट असली तरी पोचायची. रात्री फ्लॅशवर मीटरचं कामच नव्हतं, खटका कोण वर करतो. दोष एकाच जागी होता आणि दिसत होता मात्र भलतीकडेच, तेही वर्षभर.

त्या वेळी मी सतरा वर्षांचा. लेन्स काढून उजेडात धरून मागची पिन दाबून बघितली तर पाती गोगलगायीसारखी चाललेली. मला वाटलं सुकलंय, तेल पाहिजे. आईच्या शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकावरून सोडला. आणि खरंच सांगतो, पाती खटाखट चालायला लागली! बाबांना बोलावून दाखवलं, ते इतके खूश झाले. तुमच्या चौकटीत टीप लिहिणाऱ्यांनाही हाच अनुभव आला असणार, कारण ताजं पातळ तेल जुन्या घट्ट तेलाला थोडे दिवस सैल करतं. पण दोन महिन्यांनी पाती आधीपेक्षा जास्त चिकटली, वर तेलाची वाफ आतल्या काचांवर बसून धुकं आल्यासारखं झालं. जत्रेच्या नाटकाचे दोन रोल गेले. त्या वर्षी ज्यांनी शेवटचं काम केलं असे एक वयस्क नट होते, त्यांचा राजाच्या भूमिकेतला एकही फोटो राहिला नाही. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी तो कॅमेरा फारसा बाहेर काढला नाही.

१९९८ साली पणजीत एका जिन्याखालच्या छोट्या दुकानात घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ भेटले, सगळे त्यांना मेस्त म्हणायचे. त्यांनी लेन्स हातात घेतली, पिन दोनदा दाबली, भिंगातून बघितलं आणि विचारलं, तेल कोणी घातलं? मी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पुता, पातीं सुकीं आसूंक जाय. हांगा तेल लागनाच." म्हणजे पाती सुकी असायला हवीत, इथे तेल लागतच नाही. बाकी जे काही मला येतं ते त्यांच्या टेबलाशेजारी शनिवार-शनिवार बसून शिकलेलं. मी हायर सेकंडरीत लॅबमध्ये कामाला होतो त्यामुळे सॉल्व्हंट कसे वागतात ते थोडंफार ठाऊक होतं, पण हात कसा चालवायचा ते मेस्तांनी शिकवलं.

तर पहिला प्रश्न, पाती कोरडी असायला हवीत तर मग मुळात तेल येतं कुठून? फोकसची रिंग ज्या आट्यांवर फिरते तिथे ग्रीस असतं. ग्रीस म्हणजे साबणासारख्या घट्ट पदार्थात धरून ठेवलेलं तेल. पन्नास-साठ वर्षांत, आणि त्यात उष्णता मिळाली तर लवकरच, ते तेल सुटं होतं आणि धातूवरून सरपटत पात्यांपर्यंत पोचतं. आपल्याकडे मे महिन्यात कौलांखालच्या माळ्यावर किंवा उन्हाच्या भिंतीला लागून असलेल्या गोदरेज कपाटात काय तापतं ते तुम्हाला माहीतच आहे, आणि हल्लीची पोरं कॅमेरा गाडीच्या डॅशबोर्डवर टाकून समुद्रावर जातात, ते तर त्याहून वाईट. पावसाळ्याचा दोष यात कमी आहे. पावसाळ्यात बुरशी येते, तो वेगळा रोग, त्यासाठी चामड्याच्या पिशवीतून काढून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवणं एवढं तरी करावं. तांदूळ घालू नका, त्याची भुकटी आत जाते.

दुखणं आहे की नाही ते ओळखायचं कसं ते सांगतो, म्हणजे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा हणजुणच्या बुधवारच्या बाजारात कुणी जुनी लेन्स घेत असेल तर फसणार नाही. लेन्सवर ए (ऑटो) आणि एम (मॅन्युअल) असा खटका असेल तर तो ए वर ठेवा, रिंग १६ वर फिरवा, उजेडासमोर धरा आणि मागची पिन नखाने झटकन दाबून सोडा. दाबली की भोक लगेच बारीक व्हायला पाहिजे, सोडली की लगेच मोठं. पहिली झटकच महत्त्वाची, हे ध्यानात ठेवा, कारण दहा वेळा दाबलं की चिकट पातीही तात्पुरती मोकळी होतात, आणि विकणारा तुम्हाला दाखवायच्या आधी ती चार वेळा चालवून ठेवू शकतो. मग भिंगातून पात्यांवर तेलाचा ओलसर डाग दिसतो का बघा. नुसती चमकणारी जागा म्हणजे तेल असेलच असं नाही, काळा रंग घासून गेलेला असतो तीही चमकते.

साफ करायचं तर सिगारेट लायटरमध्ये भरायचं फ्लुइड लागतं, ते म्हणजे नाफ्था, तेल विरघळवतं आणि मागे जवळजवळ काही न ठेवता उडून जातं. शेवटचा हात ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात, त्यांच्याकडे मिळतं. आधी मागच्या बाजूचा काचांचा गट काढायचा, त्याला दोन खाचा असतात, त्यासाठी दोन टोकांचा पाना येतो, कात्रीच्या टोकांनी प्रयत्न करू नका, निसटली की काचेवर कायमचा ओरखडा. मग कापसाची काडी फ्लुइडमध्ये बुडवून टिपकागदावर दाबून घ्यायची, म्हणजे ती ओली नाही, नुसती दमट हवी. पात्यांवर टेकवायची, घासायची नाही, पाती कागदासारखी पातळ असतात आणि त्यांच्या टोकांना टाचणीच्या डोक्याहून बारीक खुंट्या बसवलेल्या असतात, एक खुंटी निखळली की लेन्स गेलीच समजा. टेकवायची, रिंग मागेपुढे फिरवायची, कोरड्या काडीने टिपायचं. परत तेच. काडी काळपट पिवळी यायची थांबेपर्यंत चालू ठेवायचं, मला बाबांच्या लेन्सला सात-आठ फेऱ्या लागल्या. मग दुसऱ्या बाजूने. मग एक दिवस तसंच झाकून ठेवून परत बघायचं, कारण पात्यांच्या मधलं तेल रात्रीत परत बाहेर येतं आणि पहिल्या दिवशी झालं झालं म्हणून बंद केलेली लेन्स आठवड्यात पुन्हा चिकटते. हे काम खिडकीशी, वारा असलेल्या जागी करा. देवापुढे समई तेवत असेल, शेजारी गॅस चालू असेल तर अजिबात नको, नाफ्था पेट्रोलसारखाच पेट घेतो.

काही लोक सगळी लेन्स फ्लुइडने भिजवून टाकतात. त्याने तेल जात नाही, पसरतं. वर ते आट्यांमधलं ग्रीस पातळ करून नवीन तेल पात्यांकडे आणतं. खरा इलाज म्हणजे पात्यांची पूर्ण जुळणी बाहेर काढून धुणं आणि आट्या साफ करून त्यांना नवीन ग्रीस अगदी बोटाला लागेल न लागेल एवढंच लावणं, पण ते घरी पहिल्याच लेन्सवर करू नका. आट्या जिथे सुटतात ती जागा खूण करून ठेवली नाही तर परत बसवताना भलत्याच फेऱ्यात बसतात आणि दूरचं कधीच फोकस होत नाही. आणि सहा पाती परत रचताना शेवटचं पातं पहिल्याच्या खाली सरकवावं लागतं, मला पहिल्यांदा तीन संध्याकाळी लागल्या. स्क्रूबद्दलही एक सांगतो, जपानी लेन्सचे स्क्रू फुलीचे दिसतात पण आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरने त्यांचं डोकं झिजतं, त्यासाठी जेआयएस, म्हणजे जपानी मापाचा मिळतो तो घ्या.

काय वापरू नये ते वेगळं सांगतो कारण लोक घरात जे असेल ते घेतात. रॉकेल तेलकट थर मागे ठेवतं. नेलपॉलिश काढायच्या पाण्यात अ‍ॅसिटोन असतं, ते रंग आणि प्लास्टिक खातं. सॅनिटायझर तर नकोच, कोविडपासून प्रत्येक घरात बाटली असते आणि अल्कोहोलच आहे म्हणून लोक तेच लावतात, पण त्यात पाणी आणि बऱ्याचदा ग्लिसरीन असतं, म्हणजे एकीकडे गंज आणि एकीकडे चिकटा. गंज सोडवायच्या स्प्रेमध्ये तेल असतंच, तो तर काचांच्या मध्ये शिरून बसतो. खोबरेल कुणी घालत असेल असं मला वाटलं नव्हतं पण तशीही एक लेन्स माझ्याकडे आली होती.

सगळ्याच लेन्सना याचा सारखा त्रास होत नाही हेही सांगायला पाहिजे. रशियन हेलिओस ४४-२ सारख्या लेन्समध्ये पाती स्प्रिंगवर नसतात, आपण रिंग फिरवतो तशी थेट हलतात, तिथे थोडं तेल असलं तरी फोटो बिघडत नाही, काचेवर धुकं येत नसेल तर मी म्हणेन हातही लावू नका. उलट यशिका इलेक्ट्रो ३५ सारख्या कॅमेऱ्यात शटरच पात्यांचं असतं, तिथे तेल आलं तर शटर उघडतच नाही, आणि तो कॅमेरा उघडणं घरचं काम नाही. माझा भाचा अ‍ॅडॅप्टर लावून बाबांची लेन्स त्याच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर वापरतो, त्या अ‍ॅडॅप्टरने पिन कायमच दाबलेली राहते म्हणून मंद पातीही चालून जातात आणि लेन्स ठणठणीत आहे असं वाटतं. तसं समजू नका, तेल आहे तर ते काचेवर जाणारच.

आणखी एक गोष्ट संपादकसाहेब, ती तुमच्या पानातून वरपर्यंत जावी असं मनापासून वाटतं. मेस्त गेले, त्यांचं दुकान बंद झालं, त्यांचा मुलगा दुसऱ्या धंद्यात आहे. आज माझ्या ओळखीत कुणाची जुनी लेन्स बिघडली तर तो मुंबईला नाहीतर बेळगावला कुरिअर करतो नाहीतर भंगारात देतो. आपल्या आयटीआयमध्ये मोबाइलपासून एसीपर्यंत सगळ्याच्या दुरुस्तीचं शिक्षण आहे, तिथे घड्याळ, कॅमेरा, दुर्बीण, शाळेतले मायक्रोस्कोप अशा बारीक यंत्रांच्या दुरुस्तीचा दोन-तीन महिन्यांचा संध्याकाळचा वर्ग का सुरू करू नये? शिकवू शकतील अशी दोन-चार माणसं अजून हयात आहेत. शाळेतल्या मायक्रोस्कोपचं तर मी नोकरीत असताना रोज बघितलंय, आट्यातलं ग्रीस सुकलं म्हणून नवीन विकत घेतात, जुने पावसात व्हरांड्यात पडलेले असतात.

तूर्त तुम्हाला विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत टीप दुरुस्त करून छापा.

आणि ज्यांनी गेल्या रविवारीच वाचून तेल घातलं असेल त्यांनी घाबरू नये. लेन्स उन्हात ठेवू नका, केस वाळवायच्या यंत्राने गरम करू नका, रिंग पुन्हा पुन्हा फिरवत बसू नका, म्हणजे तेल आणखी पसरणार नाही. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, सगळ्यात लहान आकड्यावर ठेवा. थंड जागी ठेवा आणि ज्याला हे काम येतं त्याच्याकडे महिन्याच्या आत द्या, आणि देताना लाज न वाटू देता सांगा की तेल घातलंय, कोणतं घातलंय, पुढून घातलं की मागून, किती थेंब. मेस्तांनी मला पहिल्यांदा तेच विचारलं होतं, कारण त्यावरून कुठून उघडायचं ते ठरतं.

आपला,
माशेलचा एक जुना वाचक